बोटांना कळेल असा आकडा

टेस्ट ट्यूब बेबी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे प्रयोगशाळा येते, सूक्ष्मदर्शक येतो. पण या उपचारातलं रोजचं काम घरी चालतं, आणि ते बहुतेक वेळा ती बाई स्वतःच करते. मी औद्योगिक आरेखन शिकवतो, म्हणजे वस्तू माणसाच्या हाताला-डोळ्याला सोयीची कशी करावी, याचा विचार. त्या नजरेनं मला या घरच्या इंजेक्शनाबद्दल बोलायचं आहे.

एरवी महिन्याला साधारण एकच स्त्रीबीज परिपक्व होतं. उपचारात ती अनेक हवी असतात. त्यासाठी बीजकोषाला चालना देणाऱ्या संप्रेरकाचं इंजेक्शन साधारण दहा-बारा दिवस, रोज ठरावीक वेळी घ्यावं लागतं. हे संप्रेरक पाळी गेलेल्या स्त्रियांच्या लघवीत भरपूर असतं. इटलीतल्या पिएरो दोनिनी या रसायनशास्त्रज्ञानं १९४९च्या सुमारास ते वेगळं काढलं. पुढे औषध बनवण्यासाठी तिथल्या वृद्ध जोगिणींच्या मठांतून लघवी गोळा केली गेली! त्या औषधात इतर प्रथिनं मिसळलेली असत, म्हणून ते स्नायूत टोचावं लागे आणि त्यासाठी नर्सबाई किंवा डॉक्टर लागत. शुद्धीकरण सुधारलं, १९९५ नंतर जनुकतंत्रानं बनवलेलं औषध आलं, आणि पोटाच्या त्वचेखाली बारीक सुईनं स्वतःच टोचून घेणं शक्य झालं. रोज तालुक्याहून शहरात येणाऱ्या बाईचे किती हेलपाटे यानं वाचले असतील!

मग पेन आलं. दिसायला शाईच्या पेनासारखं. मागची चकती फिरवायची, छोट्या खिडकीत डोसाचा आकडा आणायचा, सुई टोचून बटण दाबायचं. काही पेनांत एक फार शहाणी सोय आहे. औषध मध्येच संपलं तर खिडकीत शून्य दिसत नाही; जेवढं जायचं राहिलं तो आकडा दिसतो. तेवढं नव्या पेनातून घ्यायचं. मला ही युक्ती मनापासून आवडते. पण ती सगळी त्या खिडकीवर उभी आहे. जिला खिडकी वाचता येत नाही, तिचा डोस अर्धाच गेला तरी तिला पत्ता लागणार नाही.

चकतीचा टकटक आवाज येतो, तो मोजावा असं आपल्याला वाटेल. मधुमेहाच्या पेनांची माहितीपत्रकं मात्र आवाज मोजून डोस ठरवू नका, असं बजावतात. अंध व्यक्तीनं डोळस माणसाची मदत घ्यावी, असंही त्यांत बहुधा लिहिलेलं असतं. म्हणजे कोणाची? सासूची? शेजारणीची? मूल होत नाही ही गोष्ट आपल्याकडे बाई किती जपून ठेवते, हे मी सांगायला नको.

हाच प्रश्न गरोदरपणाच्या घरगुती चाचणीचा. ब्रिटनमधल्या अंधांसाठी काम करणाऱ्या आरएनआयबी या संस्थेनं २०२० साली एक नमुना पुढे आणला. त्यात रेघेऐवजी बोटाला जाणवणारे उंचवटे वर येतात. बातमी पहिल्यांदा तिची तिलाच कळावी, एवढीच त्यामागची मागणी.

विद्यार्थी अशा वेळी डोळ्यांना पट्टी बांधून पेन हाताळायला उत्सुक असतात. मी त्यांना थांबवतो. पाच मिनिटांच्या पट्टीनं अंधत्व कळत नाही. ज्यांना दिसत नाही त्यांनाच आरेखनात पहिल्या दिवसापासून बसवा, असं सांगतो.

अडचण फक्त दृष्टीची नाही. संधिवातानं आखडलेल्या बोटांना गुळगुळीत चकती फिरत नाही. माहितीपत्रक मुंगीच्या पावलांएवढ्या इंग्रजी अक्षरांत. काही पेनं फ्रिजबाहेर ठेवायची तर २५ अंशांपर्यंतच, तीही ठरावीक मुदतीपुरती. विदर्भातल्या मे महिन्यात, वीज गेली असताना हे कसं पाळायचं? आणि शेवटचं इंजेक्शन तर घड्याळाला बांधलेलं. त्यानंतर साधारण ३६ तासांनी स्त्रीबीजं काढतात. बुधवारी सकाळी नऊची वेळ असेल, तर सोमवारी रात्री नऊला सुई टोचलीच पाहिजे.

चकतीवर ठळक खाचा, मोठे आकडे, डोस पूर्ण गेल्यावर वेगळाच आवाज, आणि मराठीत ऐकता येतील अशा सूचना. यातलं काहीच फार अवघड नाही. सूचनांची ध्वनिफीत तर एखादं रुग्णालयही करू शकेल, पेन बदलण्याची वाट न पाहता.