बाल्कनीतला बुलबुल

लालबुड्या बुलबुल हा रानातला पक्षी, इमारतीत आला म्हणजे वाट चुकला असणार, असं बरेचजण धरून चालतात. खरं तर घनदाट जंगल त्याला फारसं मानवत नाही. झुडपी माळ, शेताचे बांध, बागा आणि सोसायटीतली जास्वंद हे त्याचं हक्काचं ठिकाण. दाट झाडीचा, डोंगराकडचा तो तुरेवाला शिपाई बुलबुल, तो वेगळा.

हा पक्षी फक्त आपल्याकडचा, हेही अर्धंच खरं. मूळचा तो भारतीय उपखंडापासून म्यानमारपर्यंतचा. पण १९०३च्या सुमारास गिरमिटिया मजुरांबरोबर फिजीत पोचला, पुढे हवाईतही. तिथे तो फळबागा आणि ऑर्किडची नासधूस करतो, घाणेरीसारख्या तणांच्या बिया पसरवतो. जगातल्या सर्वांत उपद्रवी १०० परक्या प्रजातींच्या यादीत जे तीन पक्षी आहेत, त्यांत साळुंकी आहे आणि आपला हा गरीब चेहऱ्याचा बुलबुलही!

सर्वाधिक घोळ घरट्यावरून होतो. घरटं म्हणजे पक्ष्याचं घर, तो रोज तिथे झोपतो, ही समजूत चुकीची. मुळ्या, काड्या आणि कोळ्याची जाळी गुंफून केलेली ही वाटी केवळ विणीपुरती. दोन-तीन गुलाबीसर, तांबूस ठिपक्यांची अंडी, दोनेक आठवडे उबवणं, मग साधारण १२ दिवस पिल्लं, की संपलं काम. या दिवसांत नर-मादी दोघंही राबतात. भरवून झाल्यावर पिल्लाची विष्ठा बाहेर पडायची वाट पाहतात आणि ती पांढरी पुडी गिळून टाकतात. पाहायला किळसवाणं, पण घरटं स्वच्छ राहतं ते त्यामुळेच.

माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते, हे तर घरोघरी सांगतात. पण माणसाचा वास येतो म्हणून ती पिल्लं टाकत नाही. सतत डोकावणं मात्र घातक: पक्षी बिथरतात आणि कावळ्याला पत्ता कळतो. मोबाइल पुढे करून फोटो काढणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

आखूड शेपटीचं, पिसं फुटलेलं पिल्लू जमिनीवर दिसलं, तर ते पडलेलं असतंच असं नाही. नीट उडता यायच्या आधीच पिल्लं घरटं सोडतात आणि आई-बाप खालीही भरवतात. मांजराची भीती असेल तर जवळच्या झुडपात ठेवून लांब व्हा. दूध-पाव देऊ नका. त्याला अळ्या-किडे लागतात. पिंजऱ्यात ठेवून वाढवणं तर १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हाच आहे.