ढोल-ताशा वादन, श्रवणहानी व कर्णनाद

विसर्जन मिरवणुकीनंतर कानात ‘सूं’ असा नाद घुमत राहणे, हा अनेक वादकांचा अनुभव होय. आयुर्वेदात यास ‘कर्णनाद’ अशी संज्ञा आहे. अंतर्कर्णातील सूक्ष्म केशपेशी तीव्र ध्वनीने नष्ट होतात व पुन्हा निर्माण होत नाहीत. ८५ डेसिबल ध्वनीसाठी ८ तासांची मर्यादा मानली जाते. प्रत्येक ३ डेसिबल वाढीस ती निम्मी होते. म्हणजेच १०० डेसिबलला अवघी १५ मिनिटे उरतात. कापसाचा बोळा येथे अपुरा ठरतो. वादकांनी इअरप्लग वापरणे व मधूनमधून विश्रांती घेणे आवश्यक आहे.

जडलेल्या कर्णनादावर खात्रीचे औषध उपलब्ध नाही. नीरव शांततेत तो अधिक जाणवतो. म्हणून रात्री पंख्याचा मंद आवाज साहाय्यभूत ठरतो. अचानक बहिरेपण आल्यास मात्र तज्ज्ञांकडे त्वरित जावे. सारांश, प्रतिबंध हाच खरा उपाय होय.