वॉचमन, पार्सल आणि १४९२

गुरुवारची रात्र, साडेअकरा. कोथरूडच्या माझ्या वन रूम किचनमध्ये मी, गार झालेली कॉफी आणि स्क्रीनवर तीन टक्क्यांवर रुसून बसलेली ती हिरवी पट्टी! ज्यांच्यासाठी फ्रीलान्स करते, त्यांच्या सर्व्हरवर व्हीपीएनमधून स्टोरी टाकायची असते. लॉगिन होत होतं, फोल्डर दिसत होते, दोन ओळींची नोटही सेव्ह झाली. फोटो मात्र जागचे हलेनात. मागच्या आठवड्यात असंच झालं आणि स्टोरी ड्रॉप झाली. फ्रीलान्सरची स्टोरी ड्रॉप म्हणजे पेमेंटही ड्रॉप, हे काय वेगळं सांगायला हवं?

कस्टमर केअर म्हणालं, "मॅडम, राऊटर ऑफ करून ऑन करा." चारदा केलं. स्पीड टेस्ट तर एकदम झकास!

शेवटी दादाला उठवलं. दादा म्हणजे माझा मावसभाऊ, हिंजवडीत नेटवर्किंगमध्ये आहे. जांभई देत त्याने एवढंच विचारलं, "छोटं जातंय, मोठं अडकतंय... असंच ना?"

मग त्याने राऊटरचं पान उघडायला लावलं. बाहेरचा पत्ता १००.७२ ने सुरू होत होता. "झालं! तुझ्याकडे दोन वॉचमन आहेत."

प्रकरण असं आहे. इंटरनेटचे जुने पत्ते एकूण सुमारे ४२९ कोटी, ते पुरेनात. म्हणून १९९४ साली नॅटची, म्हणजे नेटवर्क ॲड्रेस ट्रान्सलेशनची, आयडिया कागदावर आली. सोसायटीचा पत्ता एक, आत फ्लॅट अनेक. गेटवरचा वॉचमन रजिस्टर ठेवतो, आत-बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पार्सलवरचा पोर्ट नंबर बघून. पोर्ट नंबर म्हणजे आपला फ्लॅट नंबर. घरचा राऊटर हेच करतो. आता बऱ्याच ब्रॉडबँड कंपन्याही करतात, अनेक घरांना मिळून एकच पत्ता! १००.६४ ते १००.१२७ हे पत्ते २०१२ साली खास त्यासाठीच राखून ठेवले गेले.

यात साइजचा काय संबंध? तर एका पॅकेटची कमाल साइज, म्हणजे एमटीयू, साधारण १५०० बाइट असते. माझ्या कनेक्शनवर लॉगिनसाठी पीपीपीओई आहे, ते ८ बाइट खातं. उरले १४९२. दादाने 'तुकडे करू नका' असा शिक्का मारून पिंग पाठवायला लावले. १४७२ अडलं, १४६४ गेलं. त्यात २८ बाइटचं हेडर मिळवा, बरोब्बर १४९२! (दहावीनंतर पहिल्यांदाच माझं गणित जुळलं.)

आता व्हीपीएन प्रत्येक पॅकेट आणखी एका पाकिटात घालतं. भरलेलं पॅकेट त्यामुळे फुगतं, मावत नाही, आणि त्याचे दोन तुकडे होतात. गोची इथेच आहे. पोर्ट नंबर फक्त पहिल्या तुकड्यावर असतो. दुसऱ्यावर नुसता सोसायटीचा पत्ता. नीट वागणारा वॉचमन दोन्ही तुकडे जुळवून पुढे पाठवतो. नॅटने उलटसुलट क्रमाने आलेले तुकडेही स्वीकारलेच पाहिजेत, असं २००७ च्या आरएफसी ४७८७ मध्ये लिहिलंय. पण सगळेच कुठे नियम वाचून ड्यूटी करतात? आमच्या कंपनीचा वॉचमन दुसरा तुकडा सरळ फेकून देत होता. अर्ध्या पार्सलचा ऑफिसच्या सर्व्हरला काय उपयोग? लॅपटॉप बिचारा तेच तेच पुन्हा पाठवत बसलेला. लॉगिन आणि नोट मुळातच छोटी, त्यांचे तुकडे होत नाहीत, म्हणून ती आरामात जात होती.

"मग करू काय?"

"व्हीपीएनचा एमटीयू १४०० कर. पाकिटासकट मावलं पाहिजे. आणि मला झोपू दे."

व्हीपीएनच्या सेटिंगमध्ये एक आकडा बदलला, पुन्हा कनेक्ट केलं. चार टक्के... एकोणीस... बासष्ट... ११ वाजून ५२ मिनिटांनी सगळे फोटो पोचले. मी खुर्चीतल्या खुर्चीत नाचले!

बारा वाजता एडिटर मॅडमचा मेसेज आला : "मिळाले. पण तिसरा फोटो ब्लर आहे का गं?"