साखरपुड्याची अंगठी

‘साखरपुडा’ या शब्दांत साखरेची पुडी आहे, अंगठी नाहीं. शकुंतलेची मुद्रिका प्रसिद्ध खरी, पण ती ओळखीची खूण होती. हिऱ्याच्या अंगठीचा गाजलेला जुना दाखला युरोपांतील : १४७७ सालीं ऑस्ट्रियाच्या मॅक्सिमिलियननें बर्गंडीच्या मेरीला ती दिली. आणि हिऱ्याच्या चिरंतनत्वाचें घोषवाक्य? तें १९४७ सालीं डी बिअर्स कंपनीसाठीं एका जाहिरातलेखिकेनें रचलें, शास्त्रकारांनीं नव्हे!

तेव्हां अशा अंगठीपायीं कर्ज काढणें आम्हांस मुळींच पसंत नाहीं. अजूनहि कांहीं घरीं वडील मंडळीच पेढीवर जाऊन ती ठरवितात. जिच्या बोटांत ती जावयाची, तिला विचारतो कोण? तिलाच बरोबर न्यावें. शुद्ध सोनें मऊ असतें, म्हणून हिऱ्यासाठीं बहुधा १८ कॅरट, म्हणजे शेंकडा ७५ सोनें वापरतात. हॉलमार्कजवळ ७५० हा आंकडा पाहावा. हिऱ्याचा कॅरट निराळा. तें वजन, २०० मिलिग्रॅम. उंच कोंदण पदराला व केसांना अडकतें, बसकें बरें. माप थंड सकाळीं घेऊं नये, तेव्हां बोटें आकसलेलीं असतात.

मुलगी साधें वेढणेंच पुरे म्हणाली, तर तेंच घ्यावें. वांचलेल्या पैशांचा हिशेब मात्र तिच्यासमोर करूं नये.