दर आणि व्याप्ती : वाशीम जिल्ह्यातील भ्रमणध्वनी-सेवेच्या निवडीचा विचार

भ्रमणध्वनीची सेवा घेताना ग्राहकास दोन गोष्टींचा मेळ घालावा लागतो. एक सेवेचा दर, आणि दुसरी तिची क्षेत्रव्याप्ती, म्हणजेच व्यवहारातील 'रेंज'. भारतातील बहुसंख्य जोडण्या प्रीपेड आहेत. त्यांत कराराचे बंधन नसते. मुदत संपली की ग्राहक मोकळा होतो. या मोकळेपणामुळे सर्वांत स्वस्त योजना हीच शहाणपणाची निवड होय, असा समज सहज होतो. वाशीमसारख्या जिल्ह्यात तो कितपत टिकतो, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

दर सामान्यतः संपूर्ण परिमंडळासाठी एकच असतो. मुंबई वगळता उरलेला महाराष्ट्र व गोवा मिळून एक परिमंडळ होते. पुण्याच्या व मानोऱ्याच्या ग्राहकास त्याच योजनेसाठी तीच रक्कम मोजावी लागते. रेंज मात्र मनोऱ्यागणिक बदलते. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या वाशीम जिल्ह्यात सहा तालुके असून, २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ११,९७,१६० होती. तीपैकी चार-पंचमांशाहून अधिक ग्रामीण होती. वस्ती विखुरलेली, भूभाग चढउताराचा आणि तांडे पुष्कळदा मूळ गावठाणापासून दूर. मनोरा उभारण्याचा व चालविण्याचा खर्च थोड्या ग्राहकांवर वाटावा लागल्यास तो कंपनीस परवडत नाही. शिवाय कमी वारंवारतेच्या लहरी दूरवर पोहोचतात व भिंतींतून अधिक सहज पार होतात. जास्त वारंवारतेच्या लहरी अधिक माहिती वाहतात, परंतु लवकर क्षीण होतात. त्यामुळे एकाच योजनेत कारंजा शहरातील ग्राहकास पूर्ण सेवा, तर टेकडीआडच्या तांड्यातील ग्राहकास अर्धीच सेवा मिळू शकते. दर्शनी किंमत समान. वास्तविक किंमत विषम.

अर्थशास्त्रज्ञ फिलिप नेल्सन यांनी १९७० मध्ये वस्तूंचे दोन प्रकार वेगळे केले. काहींचा गुण खरेदीपूर्वी पारखता येतो, काहींचा वापरानंतरच कळतो. दर पहिल्या प्रकारचा गुण आहे. रेंज दुसऱ्या प्रकारचा. दर दुकानाच्या फलकावर वाचता येतो, रेंज शेतात गेल्यावरच समजते. त्यामुळे तुलना करताना दराचे पारडे विनाकारण जड होते.

तथापि स्वस्ताईचा आग्रह गैर मानता येत नाही. जुलै २०२४ च्या दरवाढीत एअरटेलची २८ दिवसांची प्राथमिक योजना १७९ वरून १९९ रुपयांवर गेली. २८ दिवसांच्या हिशेबाने वर्षात बारा नव्हे, तेरा रिचार्ज होतात; खर्च २,५८७ रुपये. महाराष्ट्रात २०२४-२५ साली रोजगार हमीच्या कामाचा दैनिक दर २९७ रुपये होता. म्हणजे एका फोनसाठी जवळजवळ नऊ दिवसांची मजुरी. आता समजा, अधिक व्याप्तीची सेवा वर्षाला ५०० रुपयांनी महाग आहे. ही रक्कम दोन दिवसांच्या मजुरीहून कमी भरते. मुकादमाचा फोन न लागल्यामुळे मजुराचे वर्षातून दोन दिवस बुडाले, तर स्वस्त योजनेची बचत तेथेच संपली. उलट ज्याचे घर, शेत व बाजार ही तिन्ही ठिकाणे स्वस्त सेवेच्या रेंजमध्ये आहेत, त्याच्या दृष्टीने ते ५०० रुपये वायाच जातात. तेव्हा 'कोणती कंपनी चांगली' हा प्रश्नच अपुरा आहे. 'कोणत्या ठिकाणी चांगली' हा खरा प्रश्न होय.

२०२४ मधील देशव्यापी अनुभव याच दिशेने बोट दाखवितो. खाजगी कंपन्यांनी दर वाढविले, भारत संचार निगमने वाढविले नाहीत. जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत निगमचे ग्राहक वाढले; नोव्हेंबरमध्ये ते घटले. त्या वेळी निगमच्या ४जी सेवेची उभारणी पूर्ण झालेली नव्हती. कमी दर ग्राहकास आणू शकतो. त्यास टिकविण्यास तो एकटा पुरत नाही, असे अनुमान यावरून निघते.

करार नसणे म्हणजे चूक फुकटात सुधारता येणे, असेही नव्हे. क्रमांक कायम ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभर २० जानेवारी २०११ पासून आहे; परंतु एकदा बदल केल्यावर ९० दिवस पुन्हा बदल करता येत नाही. बँक व आधार यांचे सांकेतिक अंक त्याच क्रमांकावर येत असल्याने हा काळ खरिपाच्या हंगामात पडल्यास जाचक ठरतो. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०२४ च्या विनियमांनी कंपन्यांना व्याप्तीचे नकाशे प्रसिद्ध करणे बंधनकारक केले आहे. ते उपयुक्त आहेत, पण घराच्या भिंतीआड काय घडते, हे त्यांवरून कळत नाही.

यास्तव मूळ क्रमांक न हलविता, नव्या कंपनीचे दुसरे सिम एका रिचार्जपुरते घेऊन ते घरात, शेतात व कामाच्या जागी वापरून पाहावे, आणि मगच निर्णय करावा, हा क्रम अधिक युक्त ठरतो. प्रीपेड पद्धतीचे खरे मोल तिच्या स्वस्ताईत नसून अल्प खर्चात पारख करू देण्यात आहे. मात्र जेथे एकाही कंपनीचा मनोरा पोहोचत नाही, तेथे ग्राहकाच्या शहाणपणास वावच उरत नाही. तेथे प्रश्न निवडीचा राहत नसून सार्वजनिक गुंतवणुकीचा होतो.