हलकी पण बळकट नाव

मुलांनो, पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात १९२८ पासून नौकानयनाचा 'रेगाटा' सोहळा होत आला आहे. आज शर्यतीच्या अनेक नावा कार्बनच्या धाग्यांच्या असतात. तशी छोटी नाव तुम्हीही मोठ्या माणसांच्या मदतीने घरी करू शकता.

प्रथम लाकूड घासून नावेच्या आकाराचा साचा करा. त्याला मेण चोळा. हातमोजे घाला, खिडक्या उघडा. साच्यावर कार्बनचे कापड पसरून त्यात ब्रशने इपॉक्सी राळ मुरवा. असे दोन थर द्या. राळ दिवसभरात कडक होते. मग नाव साच्यावरून अलगद सोडवा. कडा पाणी लावून घासा, म्हणजे धूळ नाकात जाणार नाही.

नुसते कापड वाकते, नुसती राळ तडकते. पण दोन्ही एकत्र आली, की नाव बळकट होते.