टंचाईची काडतुसे आणि लिलावाची बोली

लिलाव ही गोष्ट आमच्या सातारा व सांगली जिल्ह्यांतील शेतकऱ्यास नवी नाही. हळदीची पोती सांगलीच्या पेठेत नेऊन लावावी, अडत्याने पुकारा करावा, आणि व्यापाऱ्यांची बोली चढत असता आपण एका बाजूस उभे राहून ती ऐकावी, हा त्याचा परिपाठ आहे. पूर्वी रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरत असे व मालधन्यास त्याचा थांगही लागत नसे. १९३९ चा मुंबई इलाख्याचा शेतमाल बाजार कायदा व पुढे महाराष्ट्राचा १९६३ चा कायदा यांच्या आधाराने उघड लिलावाची रीत रुळली. तेव्हापासून बोली चढली की आपले कल्याण झाले, अशी त्याची धारणा होऊन बसली आहे. विकणाऱ्याच्या बाजूने ती खरी आहे. परंतु तोच शेतकरी घेणारा म्हणून लिलावात उभा राहिला, तर चढणारी प्रत्येक बोली त्याच्याच कनवटीतून जाते. शेतराखणीच्या काडतुसांचे उदाहरण घेऊन ही गोष्ट येथे स्पष्ट करण्याचा विचार आहे.

पाटण, जावळी व शिराळा या तालुक्यांतील डोंगरकडेच्या गावांना रानडुकराचा व गव्याचा उपद्रव किती आहे, हे तेथील वाचकांस सांगावयास नको. कोयना अभयारण्य व चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. त्या रानाला लागून असलेल्या शिवारात भुईमूग, भात, मका व ऊस यांची नासाडी एका रात्रीत होते. पीक हातचे जाते, घेतलेले कर्ज मात्र राहते. अशा ठिकाणी काही शेतकऱ्यांपाशी पीकसंरक्षणाच्या परवान्याची बंदूक असते. बंदूक वडिलोपार्जित असली तरी काडतूस दर हंगामास नवे लागते, आणि अडचण येते ती तेथेच.

काडतुसांची टंचाई पडण्याची कारणे उघड आहेत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, म्हणजे १९३९ ते १९४५ या वर्षांत, विलायतेतील कारखाने युद्धाच्या कामास जुंपले गेल्याने शिकारी काडतुसे दुर्मिळ झाली. स्वातंत्र्योत्तर काळात १९५९ चा शस्त्र कायदा आला, आणि १९८० नंतरच्या दशकात परदेशी बंदुकांची सर्वसाधारण आयात बंद झाली. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून चालू आहे. परंतु देशात शिकारी काडतुसे करणारे कारखाने थोडे आणि परवानाधारक विक्रेतेही मोजकेच. त्यामुळे एखाद्या हंगामात माल आला नाही की मागणी तुंबते. अशा वेळी बंद झालेल्या दुकानातील साठा अथवा मयत परवानेदाराची बंदूक व काडतुसे विक्रीस निघाली, म्हणजे प्रकट लिलाव असो वा चार गरजवंतांची आपसांतील चढाओढ असो, भाव मूळ किमतीच्या दुपटीतिपटीवर जाण्यास वेळ लागत नाही.

या चढाओढीत माणूस का फसतो, याचा विचार शास्त्रज्ञांनीही केला आहे. अमेरिकेत समुद्रातील तेलक्षेत्रांचे लिलाव होत, त्यांचा अभ्यास करून तेथील तीन अभियंत्यांनी १९७१ साली असे दाखविले की, मालाची खरी किंमत कोणासच नक्की ठाऊक नसता ज्याचा अंदाज सर्वांत अधिक फुगलेला, त्याच्याच हाती माल पडतो. इतर सर्वांनी ज्या भावाला हात आखडला, त्या भावाला आपण घेतला, हाच त्या विजयाचा अर्थ. लिलावशास्त्रातील कार्याबद्दल दोन अर्थशास्त्रज्ञांस २०२० साली नोबेल पारितोषिकही मिळाले. परंतु शेतकऱ्यास पारितोषिकाची नव्हे, हिशेबाची गरज आहे.

तो हिशेब असा. समजा, नव्या काडतुसाची किंमत शंभर रुपये आहे व पंचवीस काडतुसांची पेटी २,५०० रुपयांस पडते. टंचाईत बोली चढून दर काडतुसास २५० रुपये झाले, तर तीच पेटी ६,२५० रुपयांस गेली. परंतु हा माल बहुधा जुना असतो. कागदी नळीची काडतुसे पावसाळी हवेत फुगतात, बुडाच्या पितळेस हिरवट कीट चढते, आणि चाप ओढला असता बार उडतच नाही. पंचविसांपैकी पाच अशी निघाली, तर उरलेल्या वीस काडतुसांची किंमत प्रत्येकी ३१२ रुपये ५० पैसे पडली. शिवाय चाप ओढल्यावर क्षणभर थांबून मग उडणारा बार जिवावर बेतू शकतो. जुन्या बंदुकीची काडतूसखोली आखूड असेल, तर आजचे लांब काडतूस तीत घालणेही धोक्याचे. लिलावात ओरडून सांगितलेल्या भावात या गोष्टी कोणी धरीत नाही.

आता त्या काडतुसाने काय साधते, तेही पाहू. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये वनखात्याच्या परवानगीवाचून रानडुकरास मारता येत नाही, आणि अभयारण्यात तर शिकारीस बंदीच आहे. म्हणजे बहुतेक बार हवेत, केवळ भिवविण्यापुरतेच जाणार. कळप आज पांगतो व परवा पुन्हा येतो. जो खर्च दर रात्री नव्याने करावा लागतो, त्यासाठी तिप्पट भाव देणे आणि भक्कम कुंपणास पैसे नाहीत म्हणणे, ही काटकसर नव्हे.

टंचाईचा भाव फार काळ टिकत नाही, हेही अनुभवसिद्ध आहे. २०२० साली करोनाच्या साथीत अमेरिकेत काडतुसांवर लोकांची झुंबड उडाली. एरवी वीस सेंटांच्या आसपास मिळणारे पिस्तुलाचे काडतूस डॉलरच्या घरात गेले. दोन-तीन वर्षांत कारखान्यांचा माल पेठेत आला व भाव पुष्कळ खाली उतरला. घाबरून कोठारे भरणाऱ्यांस मधला फरक सोसावा लागला. ज्यांनी धीर धरला, त्यांचे बिघडले नाही.

यावरून आमच्या बांधवांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्या. लिलावास जाण्याच्या आदल्या दिवशी, शांतपणे घरी बसून, आपला अखेरचा भाव कागदावर लिहावा व पुकाऱ्याच्या भरात त्यापुढे जाऊ नये. काडतूस हातात घेऊन पाहिल्यावाचून बोली बोलू नये. ते आपल्या बंदुकीच्या बोअरचे आहे की नाही याची खात्री करावी. विक्रेत्याचा परवाना पाहावा आणि आपल्या परवान्यावर लिहिलेल्या संख्येपलीकडे एकही काडतूस घेऊ नये, कारण तेथे चूक झाल्यास पैशांवर भागत नाही. गावातील परवानेदारांनी हंगामापूर्वीच आपापली गरज परवानाधारक दुकानदारास कळवावी, म्हणजे ऐन वेळी एकमेकांविरुद्ध बोली बोलण्याचा प्रसंग टळेल. नुकसान झाल्यास विनाविलंब वनखात्यास कळवून पंचनामा करून घ्यावा. सरकारी साहाय्य त्यावरच अवलंबून असते. आणि शेजारच्या दहा शेतकऱ्यांनी मिळून एक सलग कुंपण घातले, तर ते प्रत्येकाने वेगळे घालण्यापेक्षा स्वस्त पडते. कारण आतल्या बांधांना कुंपण लागत नाही.

सांगलीच्या पेठेतील चतुर व्यापारी हळद घेताना काय करतो, ते आपण वर्षानुवर्षे पाहिले आहे. तो कुडी फोडून रंग पाहतो, मनाशी भाव बांधतो, आणि तो भाव ओलांडला की मुकाट्याने पुढच्या ढिगाकडे वळतो. त्या व्यापाऱ्याचा आपणास कितीही राग येवो, घेणाऱ्याच्या जागी उभे राहताना त्याचा हा एक गुण उचलण्यास हरकत नाही.